निसर्गसंवर्धन आणि माणसाचे भले यांना जोडणारे 'सहयोगी विज्ञान' प्रत्यक्षात कसे चालते?

आपण विचारले आहे की, सहयोगी विज्ञान, म्हणजे वेगवेगळ्या विषयांच्या अभ्यासकांनी आणि स्थानिक लोकांनी मिळून केलेले काम, ही खरोखर वेगळी कार्यपद्धती आहे की दोन विषयांचे अहवाल एकाच बाइंडिंगमध्ये बांधण्याचा प्रकार, आणि संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्यात काय काम असते. नागपुरात प्राणिशास्त्र शिकवत असताना मी अशा दोन-तीन कामांत सहभागी होतो, त्या अनुभवावरून लिहितो. बाइंडिंगचा प्रकार भरपूर चालतो, हे आधीच मान्य करतो.

या कामाची एक रूढ पद्धत अमेरिकेतली आहे. सांता बार्बरा येथे १९९५ साली सुरू झालेल्या एका राष्ट्रीय केंद्राने परिसंस्थांविषयीची विखुरलेली जुनी आकडेवारी गोळा करून, वेगवेगळ्या विषयांच्या अभ्यासकांना काही दिवस एकत्र बसवून ती नव्याने तपासण्याचा पायंडा पाडला. विदर्भात ही पद्धत अर्धीच पुरते, कारण इथली बरीचशी माहिती आकड्यांत उतरलेलीच नाही. ती लोकांच्या हातात आणि सवयीत आहे.

भंडारा-गोंदियातील मालगुजारी तलाव, म्हणजे मालगुजारांच्या (जमीनदारांच्या) काळातले जुने गावतलाव, पाहा. कोहळी समाजाने बांधलेल्या या तलावांवर धानाची शेती आणि ढिवरांची मासेमारी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. पुढे तलावांची मालकी बदलली, बाहेरच्या जातींचे मत्स्यबीज सोडले जाऊ लागले आणि काठाने बेशरम ही बाहेरून आलेली, झपाट्याने पसरणारी वनस्पती माजली. मासे का घटले, याचे उत्तर केवळ मत्स्यबीजाच्या नोंदींत सापडणारे नव्हते. कोणती पाणवनस्पती असली की कोणता मासा तिथे अंडी घालतो, हे ढिवरांना ठाऊक होते आणि त्या वनस्पतींची शास्त्रीय ओळख अभ्यासकांना. दोघांनी मिळून बेशरम काढली आणि स्थानिक वनस्पती परत लावल्या. या कामात ढिवर स्त्रिया पुढे होत्या. मासे वाढले की पक्षीही येतात, म्हणून इथे संवर्धन कोणते आणि उपजीविका कोणती, हे वेगळे काढणे कठीण जाते.

आता माझी चूक. ताडोबाच्या बाजूच्या एका गावात मोहफुलांच्या उत्पन्नाचा अभ्यास करायचा होता. वनाधिकाऱ्यांना काळजी वणव्याची होती, कारण फुले दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळतात आणि ती आग पुढे पसरते; माझ्या सहकाऱ्यांना काळजी वाघाच्या हल्ल्यांची होती. आम्ही नागपुरात बसूनच प्रश्नावली तयार केली आणि तिच्यात विचारले, "दरमहा किती किलो फुले मिळतात?" एका आजीबाईंनी कागद माझ्याकडे परत सरकवला. "सर, मोह काय बारा महिने पडते का? आन्‌ किलोनं कोन मोजते, आमी पायलीनं मोजतो," त्या म्हणाल्या. आमची तीन आठवड्यांची मेहनत त्या एका वाक्यात निकामी झाली. मग त्यांनीच सांगितले की, फुले पहाटे पडतात, ऊन चढले की गुरे आणि हरणे ती खाऊन टाकतात, म्हणून अंधारात निघावे लागते. आणि झाडाखाली जाळी बांधली तर पालाही जाळावा लागत नाही आणि वाकून वेचण्याचा वेळही कमी होतो. वणवा, वाघ आणि घरखर्च हे आमचे तीन वेगळे तक्ते होते. त्यांच्यासाठी ती एकच पहाट होती.

त्यानंतरच्या कामात आम्ही प्रश्नावली गावात बसून लिहिली. वेळ दुप्पट लागला आणि आमचे वरिष्ठ त्यावर नाराज होते, पण उत्तरे वापरता येण्याजोगी मिळाली.

तुमच्या विषयाचे काम नेमके इथे आहे. हल्ल्यात गेलेले माणूस किंवा जनावर भरपाईच्या नोंदीत येते. भीतीने जंगलात न गेलेला दिवस कुठल्याच रजिस्टरात येत नाही, आणि तो मोजल्याशिवाय वाघाच्या शेजारी राहण्याची किंमत कमीच दिसते. तो दिवस कसा मोजावा, नमुना कोणत्या घरांतून घ्यावा, रोजी बुडाली हे सांगायला संकोचणाऱ्यांचे काय करावे, हे प्रश्न संख्याशास्त्राचेच आहेत.

मार्च-एप्रिलमध्ये जाणार असाल तर गावकऱ्यांच्या सोबतीनेच जा, एकटे जंगलात शिरू नका. सकाळी फुले वेचून परतलेल्या बाया दुपारी अंगणात ती वाळत घालतात. बोलायला निवांतपणा मिळतो तो तेव्हाच.