ज्वालामुखी रंगवणारा फ्रेंच चित्रकार

प्रश्न : मध्यंतरी एका चित्राचा फोटो बघितला, रात्र, वर पूर्ण चंद्र आणि खाली खदखदणारा लाव्हा. चित्रकार ज्यूल ताव्हर्निये, फ्रेंच, पण चित्र हवाईचं! हा माणूस तिकडे पोचला कसा? आणि एवढं भारी काम असून याचं नाव कसं ऐकलं नाही कधी?

उत्तर : तुमचा प्रश्न वाचून इतकं बरं वाटलं, कारण मी पण याच्या चित्रांच्या प्रेमात आहे. ज्यूल १८४४ मध्ये पॅरिसमध्ये जन्मला, तिथेच शिकला, १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात लढला आणि मग देश सोडला तो कायमचाच. आधी लंडन, मग अमेरिका. १८७३ मध्ये हार्पर्स वीकली या अमेरिकन साप्ताहिकाने त्याला आणि पॉल फ्रेन्झेनी या दुसऱ्या फ्रेंच चित्रकाराला देशभर फिरून स्केचेस काढायला पाठवलं, तसा तो कॅलिफोर्नियात आला आणि तिथलाच झाला. नाव झालं, चित्रं विकली गेली, पण पैसा हातात टिकायचा नाही, दारू आणि कर्ज वाढतच गेलं, शेवटी १८८४ मध्ये त्याने हवाई गाठलं. तेव्हा हवाई अमेरिकेत नव्हतं बरं का, कालाकौआ राजाचं स्वतंत्र राज्य होतं.

तिथे किलाउएआ ज्वालामुखीने त्याला झपाटलं. तुम्ही बघितलेलं चित्र परत एकदा निवांत बघा, चंद्राचा उजेड थंडगार आणि लाव्हाचा लालभडक, एक वरून येतोय एक खालून, आणि अंधार मात्र तसाच दाट. ही नजर त्याच्याकडे आधीपासून होती. त्याचं १८७८ चं एक चित्र न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममध्ये आहे, कॅलिफोर्नियातल्या क्लिअर लेक तळ्याजवळच्या एलेम पोमो या मूळ रहिवासी लोकांचं नृत्य, जमिनीत खोदलेल्या गोल घरातलं. आत मिट्ट काळोख, छताच्या भोकातून थोडा उजेड, मध्ये आग, आणि त्यात दाटीवाटीने बसलेली माणसं हळूहळू दिसायला लागतात. माझ्या मते ज्वालामुखी रंगवायची तयारी त्याची तिथेच झाली.

नाव का नाही ऐकलं म्हणाल तर पॅरिसला तो परत गेलाच नाही, त्यामुळे तिथल्या इतिहासात तो नाही. हवाईत मात्र त्याच्यामुळे ज्वालामुखी रंगवणाऱ्यांची एक पिढीच तयार झाली, व्होल्कॅनो स्कूल म्हणतात तिला, हिचकॉक हा तिथला मोठा चित्रकार त्यातलाच.

१८८९ मध्ये होनोलुलूत वारला तो, फक्त ४५ वर्षांचा. दफन तिथेच झालं, आणि कबरीवरचा दगड बसवला तो सॅन फ्रान्सिस्कोच्या बोहेमियन क्लब या कलाकार-लेखकांच्या मंडळातल्या त्याच्या जुन्या दोस्तांनी.