धाग्याचं पीक म्हणता, मग फुलं कशाला हवीत?

प्रश्न : आम्ही दोघे भाऊ. सातबारा सामाईक, सहा एकर कोरडवाहू. एका कंपनीच्या माणसाने माझ्याकडून ‘औद्योगिक हेंप’ लावण्याच्या करारावर सही घेतली. हे धाग्याचं पीक आहे, यात टीएचसी (नशा आणणारा घटक) 0.3 टक्क्यांहून कमी असल्याने नशा येत नाही, सरकारने मोकळीक दिली आहे आणि आमच्याकडे उत्तराखंडचा परवाना आहे, असं तो सांगतो. बियाण्यापोटी 60,000 रुपये भरले, पिशव्या घरात पडून आहेत. वाळलेली फुलं कंपनी किलोवर विकत घेईल, असंही एक कलम करारात आहे. धाकटा भाऊ सही करायला तयार नाही. पेरू का? नाही पेरलं तर पैसे परत मिळतील का?
– एक शेतकरी, विदर्भ

उत्तर : धाकट्या भावाचं ऐका. पेरू नका.

त्या माणसाने सांगितलेलं सगळंच खोटं नाही, आणि घोळ तिथेच होतो. हेंप म्हणजे गांजाच्याच, कॅनाबिस वंशाचं झाड. 1985 च्या एनडीपीएस कायद्यात, म्हणजे अमली पदार्थविरोधी केंद्रीय कायद्यात, कलम 14 आहे. धागा किंवा बी मिळवण्याच्या औद्योगिक कारणासाठी, किंवा बागायती कारणासाठी, शासन आदेश काढून या झाडाच्या लागवडीला परवानगी देऊ शकतं. उत्तराखंडने 2018 मध्ये हा मार्ग वापरला. हिमाचल प्रदेशाच्या मंत्रिमंडळाने 2025 मध्ये दोन कृषी विद्यापीठांमार्फत प्रायोगिक अभ्यासाला मंजुरी दिली. पण प्रत्येक राज्याची परवानगी त्याच्या हद्दीपुरती. उत्तराखंडचा कागद विदर्भातल्या गट नंबरला लागू होत नाही. तुमच्या जमिनीसाठी महाराष्ट्र शासनाचा आदेश किंवा त्याखालचा परवाना त्याने दाखवला का? तुम्ही पाठवलेल्या कागदांत तरी तो नाही.

आता 0.3 टक्क्यांबद्दल. हा आकडा अमेरिकेच्या 2018 च्या कायद्यात आहे, उत्तराखंडच्या अटींतही आहे. आपल्या केंद्रीय कायद्याच्या व्याख्येत मात्र तो नाही. तिथे ‘कॅनाबिस वंशाचं कोणतंही झाड’ असे शब्द आहेत. नशा किती, हा प्रश्नच कायदा विचारत नाही. म्हणून पोलीस बांधावर आल्यावर प्रयोगशाळेचा अहवाल पुढे केलात तरी तो बचाव होत नाही. आदेश हाच बचाव. विनापरवाना लागवडीला कलम 20 खाली दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. माझं वैयक्तिक मत विचाराल तर ही व्याख्या जुनाट झाली आहे. धाग्याचं झाड आणि गांजाचं झाड वेगळं धरायला हवं. विरोधकांचं म्हणणंही पोकळ नाही : दोन्ही झाडं उभ्या शेतात डोळ्यांनी ओळखता येत नाहीत, मग धाग्याच्या आडोशाने गांजा पिकला तर तपासायचं कोणी आणि कधी? हा वाद संसदेत सुटेल. तो तुमच्या सहा एकरांवर सुटायला नको.

मला सर्वांत जास्त खटकलं ते फुलांचं कलम. ज्याला धागा हवा त्याला खोडाची साल लागते. ज्याला तेल हवं त्याला बी लागतं. मग वाळलेली फुलं किलोवर कोण घेतं? कायद्यातली गांजाची व्याख्याच मुळी या झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळं धरलेले शेंडे अशी आहे, आणि पुढे ‘ते कोणत्याही नावाने ओळखले जात असले तरी’ असंही म्हटलं आहे. त्यामुळे पोत्यावर ‘हेंप फ्लॉवर’ लिहिल्याने काही बदलत नाही. कलम 14 ची सवलतही धागा आणि बी यांच्यासाठी आहे, फुलांच्या विक्रीसाठी नाही. गांजाचं ‘व्यापारी प्रमाण’, म्हणजे मोठा साठा धरण्याची कायदेशीर मर्यादा, 20 किलो. त्यापुढे किमान दहा वर्षांची शिक्षा आणि जामिनाला कलम 37 ची कडक अट. माल तुमच्या गोठ्यात वाळत असेल तर आधी सापडाल तुम्ही, कंपनीचा माणूस नव्हे.

काही जण सल्ला देतात की जिल्हाधिकाऱ्यांना अर्ज टाका, उत्तर आलं नाही की परवानगी समजा. सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने 2021 मध्ये गांजासाठी असा अर्ज केला होता, त्याची बातमीही झाली. अर्जावर मौन म्हणजे आदेश नव्हे. आणि ई-पीक पाहणीत या पिकाचा फोटो चढवाल, तर स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतःच्याच मोबाइलने तयार कराल!

पैशांचं म्हणाल तर बेकायदेशीर उद्देशाचा करार भारतीय करार कायद्याच्या कलम 23 नुसार शून्य ठरतो. दोघांनी जाणूनबुजून केलेल्या बेकायदेशीर व्यवहारात कोर्ट कोणालाच मदत करत नाही. पण तुम्हाला ‘सरकारची मोकळीक आहे’ असं सांगून पैसे घेतले, आणि तुम्ही अजून एक दाणाही पेरलेला नाही. या दोन गोष्टी तुमची बाजू तारतात. करार कायद्याच्याच कलम 65 च्या आधारे परतफेड मागता येईल. खोटं सांगून पैसे काढल्याचा पुरावा असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली फसवणुकीची तक्रारही करता येईल. त्याचे व्हॉट्सअ‍ॅप संदेश, पावती, कराराची प्रत जपून ठेवा. पैसे नक्की मिळतील अशी हमी मी देणार नाही. मात्र पेरणी झाली की ही बाजू संपली.

आजच वकिलामार्फत स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा : करार मान्य नाही, पैसे परत करा, बियाणं लेखी पावती देऊन घेऊन जा. फुलोऱ्याशिवायचं नुसतं बी गांजाच्या व्याख्येत येत नाही, त्यामुळे घाबरून रातोरात विल्हेवाट लावू नका. पिशव्या सीलबंद राहू द्या, बिल सोबत ठेवा, शेजाऱ्याला ‘तूच लाव’ म्हणून देऊ नका. बांधावर तर मुळीच ओतू नका. पहिल्या पावसात ते उगवेल, आणि आपल्या जमिनीत हे झाड बेकायदेशीरपणे वाढतंय हे ठाऊक असूनही न कळवणाऱ्या जमीनधारकाला शिक्षा एनडीपीएस कायद्याच्या कलम 46 मध्ये लिहून ठेवली आहे.

जाता जाता, पिशवीवरचं लेबल एकदा नीट वाचा. आपल्या तागाला इंग्रजीत ‘सन हेंप’ आणि अंबाडीला ‘डेक्कन हेंप’ म्हणतात. दोन्ही पिकं कायदेशीर आहेत. पिशवीत खरोखर ताग निघाला तर गुन्हा टळला, पण मग 60,000 रुपये कशाचे घेतले, हे नोटिशीत ठणकावून विचारा.