अठराव्या वर्षी पहिली गाडी म्हणून लष्करी वन-टन घ्यावा का?

भाऊ, तुम्ही विचारलेले थोडक्यात असे आहे. मुलगा येत्या जूनमध्ये अठरा वर्षांचा होईल, फैजपूरहून जळगावला कॉलेजसाठी त्याचे रोज जाऊन-येऊन ऐंशी-नव्वद किलोमीटर होतील, सुटीत केळीच्या मळ्यातही गाडी लागेल, आणि त्याने लष्करातून निघालेल्या निसान वन-टन या छोट्या ट्रकचा ध्यास घेतला आहे. धुळ्याकडचा एक दलाल अडीच लाखांत गाडी देतो म्हणतो आणि रविवारी बयाणा मागतो आहे. गाडी दणकट असल्यामुळे पोर सुरक्षित राहील, असे तुमच्या घरी सर्वांना वाटते.

रोजच्या प्रवासासाठी आणि पहिली गाडी म्हणून हा ट्रक घेऊ नका, असे माझे स्पष्ट मत आहे. मळ्यासाठी, तुमच्या स्वतःच्या नावावर, घरातली दुसरी गाडी म्हणून घ्यायचा असेल तर कागद पाहून विचार करता येईल. मी हे नावडीपोटी सांगत नाही. माझ्या दारात चौदा वर्षांपासून जोंगा ही जुनी लष्करी जीप उभी आहे. जबलपूरच्या वाहन कारखान्यात बनलेला, वन-टनच्याच जातीचे ३९५६ सीसीचे सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन असलेला. त्याच्यावर मी जितका खर्च केला, तितक्यात अंगणाला पक्के कंपाउंड झाले असते, असे घरचे लोक अजून ऐकवतात.

आधी कागदांविषयी लिहितो, कारण या गाड्यांत लोखंडाच्या दोषापेक्षा कागदाचा दोष महाग पडतो. लष्कराच्या गाड्यांची नोंदणी आपल्या आरटीओत झालेली नसते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६० प्रमाणे ती संरक्षण खात्याच्या स्वतःच्या प्राधिकरणाकडे असते, आणि म्हणून त्यांच्या पाटीवर वर टोक केलेला बाण व त्यानंतर वर्षाचे दोन आकडे दिसतात. गाडी सेवेतून निघाली की तिला सामान्य नागरी नोंदणी नव्याने करावी लागते, आणि त्यासाठी संबंधित लष्करी अधिकाऱ्यांनी नमुना २१ मध्ये दिलेले मूळ विक्री प्रमाणपत्र जोडावे लागते. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम ४७ मध्ये माजी लष्करी वाहनांसाठी तसे वेगळे लिहिलेच आहे. हा मूळ कागद आहे की त्याची झेरॉक्स, यावर पुढचे सगळे अवलंबून असते. लिलावात गाड्या अनेकदा एकगठ्ठा जातात, घेणारा भंगाराचा ठेकेदार असतो, आणि तो त्यातल्या चालू स्थितीतल्या दोन-चार गाड्या रंगवून, माल सोडल्याच्या पत्राची प्रत हातात देऊन पुढे विकतो. अशा प्रतीवर नोंदणी होत नाही.

त्यात १ एप्रिल २०२३ पासून सरकारी मालकीच्या पंधरा वर्षांवरील वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण बंद झाले असून ती वाहने नोंदणीकृत भंगार केंद्राकडे जाणे अपेक्षित आहे. संरक्षणाच्या मोहिमांसाठी वापरल्या जाणाऱ्या चिलखती व तत्सम विशेष वाहनांना तेवढी सूट आहे. म्हणून "परवाच लिलावातून सोडवली" असे दलाल सांगत असेल, तर ती वापरासाठी विकली होती की भंगार म्हणून, हे लिलावाच्या अटींच्या कागदावर डोळ्यांनी पाहा. आणि गाडी फार वर्षांपूर्वी नागरी झालेली असेल, तर आरसी कोणत्या राज्याची आहे ते पाहा. दिल्ली परिसरात पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या बऱ्याच जुन्या गाड्या स्वस्तात इकडे उतरतात. तिकडची ना-हरकत नसेल तर आपल्याकडे जळगावचा एमएच १९ क्रमांक मिळवण्याचा विचारही करू नका.

माझ्या जोंग्याच्या वेळी मी एक चूक केली. आरसीवरचा चेसिस क्रमांक आणि चेसिसवरचा क्रमांक मी विक्रेत्याच्या अंगणात, संध्याकाळी, मोबाइलच्या उजेडात पाहिला आणि जुळला असे समजून पैसे मोजले. हस्तांतरणाच्या वेळी चेसिसवर कागद ठेवून पेन्सिल घासली, तेव्हा रंगाच्या चार थरांखालून जो आकडा उमटला तो ८ होता, आणि आरसीवर ३ होता. पहिल्या नोंदणीच्या वेळी कुणाच्या तरी हातून झालेली ती चूक होती, पण ती चूकच आहे आणि गाडी चोरीची नाही हे सिद्ध करण्यात मला एका कार्यालयात वर्षभर सात फेऱ्या माराव्या लागल्या. तेवढा काळ जोंगा आंब्याखाली उभा होता आणि त्याच्या सीटमध्ये कोंबडी अंड्यांवर बसली होती.

मालवाहू म्हणून नोंद असेल तर आणखी एक गुंता होतो. असे वाहन परिवहन वर्गात मोडते आणि इतक्या जुन्या परिवहन वाहनाला दरवर्षी फिटनेस, म्हणजे गाडी रस्त्यालायक असल्याचा दाखला, काढावा लागतो. कायद्याच्या कलम ४ मध्ये परिवहन वाहन चालवण्याचे किमान वय अठरा नसून वीस आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये हलक्या वाहनाच्या परवान्यावर ७५०० किलो एकूण वजनापर्यंतचे परिवहन वाहन चालवता येते असे स्पष्ट केले आणि परिवहनासाठीच्या जादा पात्रतेच्या अटी त्यापेक्षा जड वाहनांपुरत्या ठेवल्या, त्यामुळे वन-टनला वाट आहे असे म्हणता येईल; पण अपघातानंतर विमा कंपनीचे वकील प्रत्येक शब्दावर वाद घालतात, हे ध्यानात ठेवून आरसीवर कोणता वर्ग लिहिला आहे ते आधी पाहा. (त्याच्या मित्रांनी शक्तिमान किंवा स्टॅलियन या लष्करी ट्रकांचे खूळ डोक्यात घातले असेल तर तो विषय इथेच थांबवा. ती जड वाहने आहेत.) शिवाय मालवाहू गाडीच्या हौद्यात दहा मित्र बसवून मनुदेवीला जाणे हे कायद्यातही बसत नाही आणि शहाणपणातही बसत नाही. मुलाच्या डोळ्यांसमोर मात्र नेमके तेच चित्र असणार, हे आपण दोघेही जाणतो.

जूनपर्यंत त्याला रस्त्यावर गाडी देऊच नका. कलम १९९अ प्रमाणे अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही. आपल्याकडे पोरे तेराव्या वर्षी ट्रॅक्टर हाकतात, त्यामुळे हे कलम कुणाला खरे वाटत नाही.

आता दणकटपणाविषयी. लष्कराची गाडी दणकट असते हे खरे आहे, पण लष्कराने ती का विकली याचा विचार कुणी करत नाही. तिथे गाडी सहसा तेव्हाच काढली जाते, जेव्हा तिची दुरुस्ती परवडण्यापलीकडे गेली असे ठरते. "बियाँड इकॉनॉमिकल रिपेअर" हा त्यांचाच शब्द आहे. "फक्त वीस हजार किलोमीटर चालली आहे" या वाक्याला भुलू नका. जी गाडी उरलेली वर्षे छपराखाली उभी राहिली, तिच्या ब्रेकच्या व्हील सिलिंडरचे रबर कडक झालेले असते, टाकीत गंज असतो, आणि टायरची नक्षी नवी दिसली तरी रबर म्हातारे असते. टायरच्या कडेवर शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात, ते वाचा.

हल्ली पंपावर मिळणाऱ्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि टाकीतून इंजिनाकडे पेट्रोल ओढणाऱ्या, गाडीतल्याच पंपाचा पडदा लवकर खराब होतात. मी दोन वर्षांत ते दोनदा बदलले. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोलची पाइपातच वाफ होते आणि गाडी भर चौकात बंद पडते. त्यावर उपाय म्हणून मी एक जुने धोतर आणि पाण्याची बाटली कायम सीटखाली ठेवतो. धोतर भिजवून गाडीतल्या त्या पंपावर गुंडाळायचे, पंधरा मिनिटे सावलीत थांबायचे, मग गाडी चालू होते. परीक्षेला निघालेल्या मुलाला ही पंधरा मिनिटे कशी वाटतील ते तुम्हीच ठरवा.

परंतु मला खरी भीती ब्रेकची वाटते. २०१४ साली मी कन्नड घाटातून चाळीसगावकडे उतरत होतो. मागे भावाच्या घरचे सामान होते, फार नव्हते. चारही चाकांना ड्रम ब्रेक असल्यामुळे सतत दाबून ठेवले की ते तापतात आणि पकड सोडतात, हे मला पुस्तकी माहीत होते. पण तिसऱ्या-चौथ्या वळणानंतर ब्रेकच्या जळक्या लायनरचा वास आला आणि पॅडल थेट खाली गेले, तेव्हा ते पायाला कळले. वीस वर्षे गाडी चालवलेली असल्यामुळे हात आपोआप खालच्या गिअरवर गेला, गाडी डोंगराच्या बाजूच्या मातीला घासत नेली आणि ती थांबली. अठरा वर्षांच्या पोराचा पाय त्या क्षणी पुन्हा पुन्हा त्याच पॅडलवर पडला असता. चाळीसगावच्या मिस्त्रीने लायनर बदलता बदलता जे सांगितले ते मी विसरलेलो नाही: "भाऊ, हाई गाडी थांबस नही, तिले थांबाडनं पडस." म्हणजे या गाडीत थांबण्याचा विचार शंभर पावले आधी करावा लागतो. ही सवय आधी दुसऱ्या गाड्या चालवलेल्या माणसाला लागते. ज्याने अजून काहीच चालवलेले नाही, त्याला भुसावळ-जळगाव महामार्गावर ट्रेलर आणि बसच्या मध्ये ती शिकवता येत नाही.

पोर सुरक्षित राहील, या घरच्यांच्या समजुतीचे उत्तरही यातच आहे. जाड पत्रा समोरच्या दुचाकीवाल्याचे नुकसान जास्त करतो, आतल्या माणसाला मात्र तो वाचवतोच असे नाही, कारण जाड पत्रा चुरडत नाही आणि धक्का जसाच्या तसा छातीपर्यंत येतो. एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली. वन-टनमध्ये यातले काही नाही, आणि सीट बेल्ट बसवला तरी तो कशाला बोल्ट केला आहे ते पाहावे लागते.

पेट्रोलचा हिशोब सोपा आहे. माझा जोंगा जपून चालवला तर लिटरला पाच किलोमीटर देतो. वन-टन त्याहून जड आहे, म्हणून चार धरा. रोजचे ऐंशी किलोमीटर म्हणजे वीस लिटर, म्हणजे दोन हजारांच्या वर. कॉलेजचे दोनशे दिवस धरले तरी वर्षाला चार लाखांपेक्षा जास्त होतात. केळीचा भाव चढला असतानाही हा खर्च मला झेपला नसता. कुणी डिझेल इंजिन बसवून देतो म्हणेल, परंतु परवानगी घेऊन आरसीवर इंधनाची नोंद बदलल्याशिवाय ते करू नका. तसे न केलेल्या गाडीचा विमा अपघातानंतर कागदावरच राहण्याची भीती असते. सुट्या भागांचेही सांगून ठेवतो. जोंग्याचे उत्पादन १९९९ मध्ये थांबले, वन-टनचेही केव्हाच बंद झाले. जळगावच्या अजिंठा चौफुलीवर फिरून मिळाले तर ठीक, नाही तर दिल्लीच्या मायापुरीतून मागवावे लागते आणि तोवर गाडी जॅकवर असते.

मुलाला ऑलिव्ह हिरवाच रंग हवा असेल, हे मी न विचारताही सांगू शकतो. नियम १२१ प्रमाणे तो रंग संरक्षण खात्याच्या वाहनांखेरीज कुणालाही वापरता येत नाही. माझा जोंगा मातकट पिवळा आहे. पाहुणे त्याला पंचायत समितीची गाडी समजतात.

मी तुमच्या जागी असतो तर पाच-सहा वर्षे वापरलेली, एबीएस आणि एअरबॅग असलेली साधी छोटी मोटार अडीच-तीन लाखांत पाहिली असती, जूनमध्ये त्याचा शिकाऊ परवाना काढला असता, आणि पक्का परवाना मिळाल्यावर पहिले सहा महिने शेजारी बसलो असतो. वन-टनची ओढ दोन वर्षांनीही तशीच राहिली, तर तुमच्या नावावर घ्या, आणि मळ्यातल्या बांधाबांधाने त्याच्याकडून चालवून घ्या. फोर-व्हील लावायचे ते चिखलात आणि काळ्या मातीतच. डांबरी रस्त्यावर लावून वळवले तर चाकांचा ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या गिअरपेटीवर, येतो. ब्रेकचे सिलिंडर त्यालाच खोलायला लावा.

आणि तरीही रविवारी गाडी पाहायला जाणारच असाल, तर सकाळी उजेडात जा, बयाणा घरी ठेवा, आणि बरोबर एक कोरा कागद, मऊ पेन्सिल व रंग खरवडायला पत्र्याचा तुकडा घ्या. चेसिसची प्रिंट, आरसी आणि नमुना २१ यांचे फोटो मला पाठवा. दलाल प्रिंट घेऊ देणार नाही म्हणाला, तर गाडी सुरू करूनही पाहू नका.