कौलारू घरात प्रोजेक्टर कुठे टांगावा?

प्रश्न : आमचे घर जुने, चिऱ्यांच्या भिंतींचे आणि मंगळुरी कौलांचे. बसायची खोली २० फूट लांब, १४ फूट रुंद. चवथीला मुले-नातवंडे मुंबई-पुण्याहून येतात, तेव्हा सगळ्यांनी मिळून क्रिकेट आणि जुन्या नाटकांचे व्हिडिओ बघावेत म्हणून १०० इंची पडद्याचा विचार आहे. दुकानदार म्हणतो, पडदा समोरच्या आखूड भिंतीवर लावा आणि प्रोजेक्टर मागच्या भिंतीवर फळी ठोकून ठेवा. पण समोरच्या भिंतीपाशी आम्ही गणपती बसवतो, वर माटोळी (फळाफुलांनी सजवलेली लाकडी चौकट) बांधतो. काय करावे?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : फळी ठोकू नका. १०० इंची पडदा म्हणजे साधारण ७ फूट ३ इंच रुंद. ही रुंदी प्रोजेक्टरच्या ‘थ्रो रेशो’ने गुणली की तो किती अंतरावर हवा ते कळते. घरगुती यंत्रांत हा आकडा बरेचदा १.२ ते १.५ असतो, म्हणजे अंतर झाले पावणेनऊ ते अकरा फूट. मागच्या भिंतीवरून, साडेअठरा फुटांवरून, चित्र बारा ते पंधरा फूट रुंद आणि फिकट पडेल.

मी कौलारू घरांतच वायरिंगची कामे करत आलो आहे, म्हणून सांगतो, पडदा लांब भिंतीवर घ्या. १४ फुटांत हे अंतर नीट बसते आणि माटोळीला कुठेच आडकाठी नाही. चवथीत देवाकडे पाठ करून बसायची वेळही येत नाही, गणपती बाजूला राहतो. मला ही गोष्ट चित्राच्या आकारापेक्षा मोठी वाटते. दोन लांब भिंतींपैकी जिच्यावर दिवसाचा उजेड कमी पडतो ती निवडा.

दुसरा फायदा छताचा. अशा घरांत तुळई बहुधा आखूड बाजूने टाकलेली असते. तुमच्याकडे तशी असेल तर पडद्याचा मध्य तिच्याखाली धरा. मग ब्रॅकेट तुळईवर पुढे-मागे सरकवून हवे ते अंतर साधता येईल. वासे आणि रिपा यांना काही टांगू नका. ब्रॅकेटचा पाइप इतका खाली आणा की लेन्स पडद्याच्या वरच्या कडेच्या पातळीला येईल. यंत्र उंचावर ठेवून तिरपे केले की चित्र खाली रुंद होते. ते यंत्रातल्या ‘कीस्टोन’ सोयीने सरळ करता येते खरे, पण तसे करताना पिक्सेल वाया जातात. लांब पाइप एकटा हलतो, त्याला तुळईपर्यंत एक तिरका आधार द्या आणि सुरक्षेसाठी साखळी अडकवा. पंख्याची पाती प्रकाशाच्या वाटेत येत नाहीत ना, तेही आधीच बघा.

पडदा गुंडाळायचा घ्या. मातीचा गिलावा असेल तर त्यात स्क्रूचा प्लग धरत नाही. चिऱ्यापर्यंत लांब अँकर घालून आधी लाकडी पट्टी बसवा, पडदा त्या पट्टीला लावा. पावसात ओल्या भिंतीपाशी पडदा उघडा सोडू नका, डाग पडतात.

कौलांमधून पावसाचे तुषार येतात, म्हणून यंत्राच्या वर हातभर अंतरावर छोटा पत्रा बसवा, हवेची भोके मात्र झाकू नका. जून ते सप्टेंबर आठवड्यातून एकदा तरी तासभर यंत्र चालवा, नाहीतर लेन्सवर बुरशी धरते. विजा कडाडू लागल्या की प्लग काढून ठेवा.