सुपरवायझरनं आईवरून शिवी दिली, मीही दिली. आता माझं काय होईल?

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. नाव आणि कंपनी छापत नाही. वाचकांसाठी थोडक्यात सांगतो: तू बार्शीकडचा, आयटीआय फिटर, वय १९. ऑगस्टपासून चाकणच्या एका कारखान्यात अप्रेंटिस आहेस. रात्रपाळीत तुझ्या हातून तीन जॉब, म्हणजे बनवायला दिलेले भाग, रिजेक्ट झाले, सुपरवायझरनं आईवरून शिवी दिली आणि तीच शिवी तू त्याला परत दिलीस. वर 'गेटबाहेर भेट' म्हणालास. सहा-सात जणांनी ऐकलं, शेजारच्या लाइनवरच्या अप्रेंटिस मुलीनंही. दुसऱ्या दिवशी कारणे दाखवा नोटीस हातात पडली. सुपरवायझर म्हणतो, 'आत टाकतो.' मित्र म्हणतो, 'तूच आधी केस ठोक.' वडील म्हणतात, 'पाय धर आणि मोकळा हो.' आणि तुला पुढं पोलीस भरतीला बसायचं आहे.

आईवरून शिवी ऐकल्यावर तुझं डोकं फिरलं, यात तुझं रक्त वाईट आहे असं मला वाटत नाही. पण आता भीती कशाची बाळगायची आणि कशाची नाही, हे तुला नीट कळलं पाहिजे. तू नेमकी उलटी भीती बाळगून बसला आहेस.

तुरुंगाची शक्यता सगळ्यात कमी. मुद्दाम अपमान करून समोरच्याला शांतता मोडायला चिथावणं, हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५२ खाली गुन्हा आहे आणि त्याला दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण तो अदखलपात्र आहे. पोलीस एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, लिहून घेतात, कोर्टाच्या आदेशाशिवाय तपास करत नाहीत. सार्वजनिक ठिकाणी अश्लील बोलण्याचं कलम २९६, त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. कारखान्याच्या आतली जागा सार्वजनिक धरायची का, यावरच वाद होतो. शिवाय नुसती शिवी म्हणजे अश्लीलता नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये एका वेब सिरीजच्या खटल्यात सांगितलं आहे.

याच कारणानं मित्राचा सल्लाही फारसा उपयोगाचा नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये तेलंगणातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, की कामाच्या ठिकाणी वरिष्ठांनी कामावरून झापलं, उद्धटपणे बोललं, तर तेवढ्यानं तो फौजदारी अपमान होत नाही. तुझ्या सुपरवायझरनं झापण्याची हद्द ओलांडली, हे खरं. त्याची दाद मागायची जागा मात्र आधी कंपनीत आहे, चौकीत नाही. जातीचा उल्लेख तुझ्या पत्रात नाही. तू अनुसूचित जाती-जमातीतला असशील, तो नसेल आणि त्यानं चारचौघांत जातीवरून शिवी दिली असेल, तर ॲट्रॉसिटी कायदा लागू होतो, सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा. तसं असेल तर मला लगेच कळव. नसेल तर त्या वाटेला जाऊ नकोस.

मला शिवीपेक्षा 'गेटबाहेर भेट' जास्त खटकतं. शिवीचा अर्थ कुणी शब्दशः घेत नाही, धमकीचा घेतात. कलम ३५१ चा फौजदारी धाकदपटशा अशाच वाक्यावर उभा राहतो. त्या रात्री त्याच रागात बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आणखी काही लिहिलं आहेस का? लिहिलं असशील तर इथून पुढं एक अक्षरही टाकू नकोस. तोंडची शिवी साक्षीदाराच्या आठवणीवर चालते, लिहिलेली स्क्रीनशॉटवर.

खरी भीती आहे ती शिकाऊ उमेदवारी, म्हणजे अप्रेंटिसशिप, जाण्याची. शिकाऊ उमेदवारी अधिनियम १९६१ प्रमाणे तू 'कामगार' नाहीस, प्रशिक्षणार्थी आहेस. कामगार कायद्यांचं छप्पर तुझ्या डोक्यावर नाही. वर्तणूक आणि शिस्तीचे नियम मात्र तिथल्या कामगारांचेच लागतात. म्हणजे संरक्षण कमी आणि शिस्त पूर्ण. एक आधार आहे. करार नोंदवलेला असेल तर तो मोडायला कंपनीला सरकारच्या शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे अर्ज करावा लागतो, आणि वाद झाला तर तोही त्याच्याकडेच जातो. सल्लागाराचं कार्यालय कुठं, हे तुझ्या आयटीआयमध्ये विचार. तुझ्या कराराची प्रत तुझ्याकडे आहे का? हे पत्र वाचून झाल्यावर आधी ती शोध.

शिवीवरून नोकरी जाते का? जाते. महिंद्रा अँड महिंद्राच्या एका कामगारानं सुपरवायझरला घाण शिवीगाळ केली, कंपनीनं त्याला काढून टाकलं. कामगार न्यायालयानं परत घ्यायला सांगितलं, पण २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बडतर्फी कायम केली. तिथं कारण दिलं होतं, की शिवीगाळ हाताखालच्या लोकांसमोर, एकदा नव्हे दोनदा झाली होती, आणि शिक्षा सौम्य करावी असं काही पुढं आलेलं नव्हतं. उलट १९८२ मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका कर्मचाऱ्याचं १४ वर्षांचं स्वच्छ काम पाहून त्याच न्यायालयानं बडतर्फी जास्त ठरवली आणि वेतनवाढी रोखण्यावर भागवलं. दोन्ही ठिकाणी तोंडातून शब्दच गेला होता. फरक पडला तो आजूबाजूच्या परिस्थितीनं. तुझ्या पाठीशी १४ वर्षं नाहीत, पण आधी शिवी कुणी दिली हे आहे. ते कागदावर आलं नाही तर कुणी विचारातही घेणार नाही. म्हणून वडिलांना समजावून सांग: नुसते पाय धरले तर 'शिवी दिली, माफी मागितली' एवढंच फाइलला लागेल.

आता ती मुलगी. तिच्याबद्दल तू एकच ओळ लिहिलीस, मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. मायबहिणीवरच्या शिव्या दोन पुरुष एकमेकांना देतात आणि त्यात असते नेहमी बाईच. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सौंदाळा गावानं २०२४ मध्ये ग्रामसभेत ठरवलं, की आईबहिणीवरून शिवी देणाऱ्याला ५०० रुपये दंड. त्या गावाला जे कळलं ते आपल्या शॉप फ्लोअरला अजून कळायचं आहे. त्या मुलीला रोज हे ऐकावं लागत असेल तर ती २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याखाली अंतर्गत समितीकडे जाऊ शकते. दहा किंवा जास्त माणसं कामाला असली की ही समिती असलीच पाहिजे. तक्रारीची मुदत तीन महिने. एखाद्या बाईला उद्देशून असं बोललास, तर न्याय संहितेचं कलम ७९ आहे, तीन वर्षांपर्यंत कैद, आणि तो गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे तिथं पोलीस कोर्टाच्या आदेशाची वाट बघत नाहीत. तिची माफी माग. साक्ष दे म्हणून नव्हे. साक्षीचा विषय त्या वेळी काढूच नकोस.

नोटिशीला उत्तर असं लिही. तारीख, पाळी, वेळ. तीन जॉब रिजेक्ट झाले, ही चूक मान्य. त्यानंतर सुपरवायझर काय बोलले ते जसंच्या तसं, हजर असलेल्यांची नावं. 'त्या उद्वेगात माझ्या तोंडून अपशब्द गेला, गेटबाहेर भेटण्याबद्दलही बोललो, त्यामागे धमकीचा हेतू नव्हता, याबद्दल खेद आहे.' याआधी एकही तक्रार नसेल तर तेही. 'मी बोललोच नाही' असं लिहू नकोस, सहा-सात जणांनी ऐकलं आहे. पण कबुली चौकशीत तुझ्याविरुद्ध वापरली जाऊ शकते, म्हणून देण्यापूर्वी युनियनच्या जाणत्या माणसाला किंवा कामगार कायद्याच्या वकिलाला दाखव. सुपरवायझरच्या भाषेबद्दलची तक्रार वेगळ्या कागदावर कर.

पोलीस भरतीचं म्हणशील तर कंपनीची नोटीस म्हणजे गुन्हा नव्हे. पण गुन्हा नोंदला गेलाच, तर पडताळणीच्या फॉर्मवर तो लपवायचा नाही. २०१६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं अशा किरकोळ प्रकरणांत उमेदवाराचं वय बघून सवलत देण्याची मुभा ठेवली आहे.

नोटिशीची मुदत परवा संपते असं तू लिहिलं आहेस. आज रात्री उत्तर लिहून काढ आणि उद्या दाखवून घे. दोन प्रती कर. एक एचआरला दे, दुसरीवर शिक्का आणि तारखेसह पोच घे. शिक्का द्यायला नाही म्हणाले तर तिथूनच पोस्टात जा आणि स्पीड पोस्टानं पाठव, पावती जपून ठेव. मग मला कळव.

तुझा,
मार्गदर्शक