मूल बोललं, आता मोठ्यांनी काय करायचं?

प्रश्न : सात वर्षांची भाची म्हणाली, ‘काका मला नको तिथे हात लावतात.’ घरचे म्हणतात, आधी तिला नीट विचारून खात्री करू. किती विचारावं?

फार थोडं. ‘काय झालं?’ आणि ‘मग?’ एवढ्यावर थांबा. ‘काकांनी इथे हात लावला का?’ असं विचारलंत, तर उत्तर तुम्हीच तिच्या तोंडी घातलंत. पुढे कोर्टात ‘मुलीला पढवलंय’ म्हणायला बचावाचा वकील मोकळा. आजी, मावशी, शेजारीण असं पाच जणींनी पाचदा विचारलं की दर वेळी तपशील जरा हलतो, आणि मुलीला वाटतं, आपल्यावर कुणाचा विश्वासच नाही. ती जे बोलली ते तिच्याच शब्दांत, तारीखवार वहीत लिहा. ‘शूची जागा’ म्हणाली असेल तर तसंच लिहा, शुद्ध करू नका.

‘सांगितलंस ते बरं केलंस, तुझी काही चूक नाही’ हे जरूर म्हणा. ‘कुणाला सांगणार नाही’ हे वचन मात्र देऊ नका, ते पाळता येणार नाही. काकाला बोलावून समोरासमोर करणं तर अजिबात नको. त्याच दिवसापासून त्याचं येणं-जाणं बंद करा.

घटना ताजी असेल तर अंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका. ते कागदी पिशवीत ठेवा. प्लास्टिकमध्ये ओल धरते आणि पुरावा खराब होतो. एचआयव्ही टाळण्याची औषधं लागणार असतील तर ती ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, म्हणून रुग्णालय लगेच गाठा. सरकारी असो वा खासगी, उपचार मोफत देणं बंधनकारक आहे, आणि त्यासाठी आधी एफआयआर लागत नाही.

प्रश्न : पोलीस ठाण्यात मुलीला तासन्‌तास बसवून ठेवतात, ही भीती वाटते.

पॉक्सो कायद्यात, म्हणजे २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्यात, तशी मुभाच नाही. जबाब मुलीच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, साध्या वेशात घ्यायचा. आई-वडील किंवा तिच्या विश्वासाचं माणूस सोबत असतं. रात्री तिला ठाण्यात ठेवता येत नाही. ‘ही आमची हद्द नाही’ असं सांगितलं तर ‘झिरो एफआयआर’, म्हणजे हद्द न पाहता कुठल्याही ठाण्यात नोंदवायची तक्रार, मागा; प्रत मोफत मिळते. पोलिसांनी २४ तासांत बालकल्याण समितीला कळवायचं असतं. समितीकडे सहायक व्यक्ती मागून घ्या, कोर्टाच्या खेपांत त्या व्यक्तीचा मुलीला मोठा आधार होतो. पहिला फोन १०९८ या मुलांसाठीच्या मदतवाहिनीवर केलात तरी चालेल.

खटला ‘शक्यतो’ वर्षभरात संपवावा, असं कायदा म्हणतो. हा ‘शक्यतो’च महागात पडतो, मनाची तयारी त्याहून लांबची ठेवा.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. मुख्याध्यापक म्हणतात, आधी शाळेत अंतर्गत चौकशी करू.

नाही. अशा चौकशीत संशयित सावध होतो आणि मुलावर दबाव येतो. पॉक्सोच्या कलम १९ नुसार माहिती असलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवायचं असतं. लपवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा लपवल्यास एक वर्षापर्यंत. पुरावा गोळा करणं तुमचं काम नाही, आणि सद्‌भावनेने कळवणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे. लेखी कळवा, पोच घ्या.

प्रश्न : पाच वर्षांच्या मुलाला ‘गुड टच, बॅड टच’ शिकवलंय. पुरे ना?

अपुरं आहे. ओळखीचा माणूस लाडात घेऊन सुरुवात करतो. तो स्पर्श मुलाला ‘बॅड’ वाटेलच असं नाही. बहुतेक प्रकरणांत आरोपी ओळखीचाच असतो. म्हणून अवयवांची खरी नावं शिकवा आणि एक नियम घालून द्या : ‘आईला सांगू नको’ असं जे कुणी म्हणेल, ते आईला आधी सांगायचं. पाहुण्यांना पापा द्यायची सक्तीही थांबवा. मुलगा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. केंद्र सरकारच्या २००७ च्या पाहणीत लैंगिक छळ झाल्याचं सांगणाऱ्यांत निम्म्याहून अधिक मुलगे होते.

प्रश्न : सोसायटीच्या ग्रुपवर पीडित मुलीचं नाव फिरतंय. जागृतीसाठी पुढे पाठवावं का?

मुळीच नाही, तो गुन्हा आहे. शाळा, इमारत, वडिलांचा धंदा, चेहरा झाकलेला फोटो, यांवरूनही ओळख पटते. ग्रुपच्या अ‍ॅडमिनला तो मजकूर सगळ्यांसाठी पुसायला सांगा आणि कुणी पाठवला त्याचा स्क्रीनशॉट फक्त पोलिसांना द्या.