घरी सगळं सुटतं, समोर कोणी बसलं की अडतं

"मॅडम, घरी बसून कोडिंगचे प्रॉब्लेम सुटतात हो. इंटरव्ह्यूला समोरचा नुसता 'हाय' म्हणाला की डोकं कोरं."

नवी मुंबईतल्या ऐरोली, घणसोली, महापेच्या आयटी कंपन्यांमधली मुलंमुली शनिवारी माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात. त्यांच्यापैकी इतक्या जणांनी हे वाक्य जवळपास याच शब्दांत ऐकवलंय, की दरवेळी तेच समजावण्यापेक्षा एकदा लिहून टाकावं असं ठरवलं. त्यासाठी हृषीकेशची गोष्ट सांगते. नाव बदललंय, घरच्या तपशिलांत दोन-तीन घरं मिसळलीत, आणि त्याला विचारूनच लिहितेय.

हृषीकेश सत्तावीसचा, राहणार ठाण्यात, वर्तकनगरला. कॅम्पसमधून एका मोठ्या सर्व्हिस कंपनीत लागला, तेव्हापासून ट्रान्स-हार्बर लोकलने ठाणे ते ऐरोली. बरोबरचे दोघं स्वतःची उत्पादनं बनवणाऱ्या मोठ्या प्रॉडक्ट कंपन्यांमध्ये गेले, एक बंगळूरला, एक हैदराबादला. याच्याही मनाने घेतलं. वर्षभर रात्री जेवणानंतर लीटकोड, म्हणजे कोडिंगच्या प्रश्नांचा सराव करायची वेबसाइट. त्याच्याकडे एक शीट होती : सुटलेला प्रश्न हिरवा, अडलेला लाल. मला दाखवली तेव्हा तिच्यात हिरवंच हिरवं होतं. तरीही दोन कंपन्यांच्या पहिल्याच राउंडला गडी गप्प झाला होता.

"गप्प म्हणजे किती वेळ?"

"दहा मिनिटं तरी."

"डोक्यात काय चालू होतं तेव्हा?"

"आठवत होतो. हा प्रश्न सोडवायचा पॅटर्न कुठला, डायनॅमिक प्रोग्रामिंग की ग्राफ, आधी केलाय का."

"हे त्याला सांगितलंस?"

मी काहीतरी भलतंच विचारल्यासारखं त्याने पाहिलं. "नक्की माहीत नसताना कसं बोलणार, मॅडम?"

माझे कान टवकारले ते इथे. पाठांतर, सराव, झोप हे सगळं नंतर. शाळेपासून आपल्याकडे हुशार मुलाची एक ठरलेली रीत असते : उत्तर येत असेल तरच हात वर करायचा. ती अंगात इतकी मुरते, की अर्धवट विचार बोलून दाखवणं म्हणजे उघडं पडणं वाटतं. आणि इथे तर नेमका अर्धवट विचारच ऐकायचा असतो.

गूगलचंच उदाहरण घ्या. तिथला राउंड साधारण ४५ मिनिटांचा. मुलाखत घेणारा एकटा निर्णय देत नाही. तो सविस्तर टिपण लिहितो, ती टिपणं हायरिंग कमिटीकडे जातात, आणि त्या कमिटीने तुम्हाला पाहिलेलंही नसतं. प्रश्न कसा समजून घेतला, कुठल्या वाटा चाचपल्या, चूक सापडल्यावर काय केलं, हे सगळं त्यांना त्या टिपणातूनच कळायचं. दहा मिनिटं तुम्ही मनातल्या मनात उत्तम विचार केलात, तर त्यातलं टिपणात उतरणार काय? उमेदवारांना कंपन्या स्वतःच सांगतात, मोठ्याने विचार करा, शंका विचारा. मुलं ते वाचतात आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतात. (हृषीकेशने कोड्यांचं एक पुस्तकही आणलं होतं, विमानात गोल्फचे किती चेंडू मावतील वगैरे. असली कोडी म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय, हे गूगलचे तेव्हाचे मनुष्यबळ प्रमुख लॅझ्लो बॉक यांनी २०१३ मध्येच जाहीर सांगून टाकलंय. पुस्तक भाचीला दिलं.)

आता हेही खरं, की कुणी पाहत असताना बोलत बोलत विचार करणं जड जातं. २०२० मध्ये नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटी आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी ४८ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. निम्म्यांनी परीक्षकासमोर फळ्यावर, बोलत बोलत प्रश्न सोडवायचा होता. निम्म्यांनी खोलीत एकट्याने. पाहणारा माणूस समोर असलेल्यांची कामगिरी जवळपास निम्म्यावर आली. हे ऐकून हृषीकेश खुर्चीत जरा सैल बसला. घरी जे येतं ते खोटं नव्हतं. पण त्याने वर्षभर सराव केला होता तो एकट्याच्या खोलीचा.

आणि ती खोलीही कशी, ते एका बैठकीत कळलं. इंटरव्ह्यू ऑनलाइन, घरूनच. त्या दिवशी वर्तकनगरच्या त्या दोन खोल्यांत टीव्ही बंद, दाराच्या बेलचं बटण बंद, आईने कुकर आधीच उतरवून ठेवलेला. बाबा बाहेरच्या खोलीत पेपर हातात धरून, पान न उलटता बसलेले. आत जाताना एवढंच म्हणाले, "या वेळी झालंच पाहिजे रे."

कुणाचीच चूक नाही. पण दाराबाहेर दोन माणसं श्वास धरून बसलीत हे ज्याला माहीत आहे, त्याच्या डोक्यातली निम्मी जागा त्यांनीच व्यापलेली. प्रश्नाला उरली किती?

मी विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत शिकले, अल्बर्ट एलिस यांच्या. ठाण्यात या विचाराची चांगली रुजवण आहे आणि मला त्याचा अभिमान आहे, तो लपवत नाही. एलिस यांचं सांगणं थोडक्यात असं, की माणसाला इच्छा त्रास देत नाही, हट्ट देतो. नोकरी मिळावी ही इच्छा. मिळालीच पाहिजे, उत्तर लगेच सुचलंच पाहिजे, नाहीतर मी कुचकामी, हा हट्ट. इच्छा असलेला मुलगा अडला की म्हणतो, "इथे अडलोय, जरा उदाहरण घेऊन बघतो." हट्टात सापडलेला मुलगा गप्प होतो.

हृषीकेशला मी एलिस यांचा स्वतःचा किस्सा सांगितला. एकोणीस वर्षांचे असताना त्यांना मुलींशी बोलायची भयंकर भीती. म्हणून न्यूयॉर्कच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये बाकावर एकटी मुलगी दिसली की शेजारी बसून बोलायचं, असं स्वतःला बजावलं. महिनाभरात शंभरेक जणींशी बोलले. एकीनेच पुन्हा भेटायचं कबूल केलं, आणि तीही आली नाही. हृषीकेश खो खो हसला. "म्हणजे शंभरापैकी शून्य?" शून्य. पण भीती गेली.

"मग आता मला शिकव," मी म्हटलं. "मला कोडिंगचं ओ की ठो कळत नाही. मला समजेल असा प्रश्न दे."

त्याने फलाटांचा दिला. गाड्यांच्या येण्याच्या आणि सुटण्याच्या वेळा दिलेल्या आहेत. एकाही गाडीला बाहेर ताटकळत ठेवायचं नाही, तर कमीत कमी किती फलाट लागतील? ठाणेकराला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही.

"हा शीटमध्ये हिरवा आहे," तो म्हणाला. मग थांबला. "पण आत्ता आठवत नाहीये." चेहरा उतरला. इंटरव्ह्यूत तो कसा दिसत असेल ते मी पहिल्यांदा पाहिलं.

"आठवू नकोस. गाड्या सांग."

"नऊला पहिली आली, ती नऊ-चाळीसला सुटणार. नऊ-दहाला दुसरी, नऊ-वीसला सुटणार. नऊ-पंधराला तिसरी."

"तेव्हा आधीच्या दोघी तिथेच?"

"हो, म्हणजे तीन फलाट. आता नऊ-वीसला दुसरी सुटली. म्हणजे कुठली गाडी कुठल्या फलाटावर आहे हे धरून ठेवावं लागेल, मग प्रत्येक गाडीला..." इथे गाडी रुतली.

मला खरंच कळेना, म्हणून विचारलं, "कुठली सुटली याने तुला काय फरक पडतो? तुला नुसते फलाट मोजायचेत ना?"

तो माझ्याकडे पाहत राहिला. मग टेबलावरचा कागद ओढला.

"नाही पडत. कुठलीही सुटू दे, एक फलाट मोकळा. म्हणजे येण्याच्या वेळा वेगळ्या क्रमाने लावायच्या, सुटण्याच्या वेगळ्या. दोन्ही रांगांवर एकेक बोट. जी वेळ आधीची, ते बोट पुढे. आली की एक वाढवा, सुटली की एक कमी. मधला सगळ्यात मोठा आकडा हेच उत्तर." पेन खाली ठेवणार तोच पुन्हा उचललं. "एक मिनिट. एक सुटली त्याच क्षणाला दुसरी आली तर? तोच फलाट चालेल का? हे विचारायला हवं."

"कोणाला?"

"इंटरव्ह्यू घेणाऱ्याला." आणि मग, स्वतःशीच, "हे मी आठवून नाही केलं."

नाहीच. शीटने त्याला प्रश्न ओळखायला शिकवलं होतं. ओळखीचा निघाला तर ठीक, नाही निघाला तर सगळं संपलं. त्या दुपारी त्याने ओळख न पटलेला प्रश्न सोडवला, तोही दुसऱ्या माणसासमोर, मध्ये एकदा अडून. अशा दुपारी माझ्या वाट्याला फार येत नाहीत, म्हणून थोडं रेंगाळले.

त्यानंतर सरावाची तऱ्हा बदलली. प्रश्न निम्मे केले. प्रत्येक प्रश्न कुणालातरी ऐकवायचा, कुणी नसेल तर मोबाइलवर रेकॉर्ड करायचा. सुरुवात उत्तराने नाही : प्रश्न आपल्या शब्दांत परत सांगायचा, छोटं उदाहरण घ्यायचं, यादी किती मोठी असू शकते ते विचारायचं. मग जी सगळ्यात ओबडधोबड पद्धत सुचेल ती लाज न बाळगता बोलून दाखवायची, आणि तिथून सुधारायची. कोड साध्या डॉक्युमेंटमध्ये लिहायचा, आपोआप शब्द पुरवणाऱ्या एडिटरशिवाय. "झालं" म्हणण्याआधी त्याच छोट्या उदाहरणावर हाताने चालवून पाहायचा. घरच्यांना सांगितलं, इंटरव्ह्यूच्या दिवशी कुकर लावा. तीन शिट्ट्यांनी कुणाचं पॅकेज कमी होत नाही.

एक गाठ मात्र अनपेक्षित निघाली. ॲमेझॉनसारख्या ठिकाणी तांत्रिक प्रश्नांइतकंच वजन तुमच्या अनुभवांना असतं. त्यांची १६ लीडरशिप प्रिन्सिपल्स, म्हणजे कामाची तत्त्वं, आहेत, आणि त्यांना धरून 'असं कधी झालं, तेव्हा तुम्ही काय केलंत' असं खोदून विचारतात. हृषीकेशची सगळी उत्तरं 'आम्ही'ने सुरू व्हायची. आम्ही बग शोधला, आम्ही रिलीज वाचवली.

"त्यात तू काय केलंस?"

बराच वेळ घेऊन म्हणाला, "बग मीच शोधला होता. रात्री दोनला. पण आपणच आपली टिमकी काय वाजवायची?"

मराठी घरातून आलेल्या जवळजवळ प्रत्येकाची इथे जीभ अडते. मी त्याला सांगितलं, बढाई मारू नकोस, साक्ष दे. किती वाजता, काय दिसलं, कशावरून संशय आला, कुणाला उठवलंस. साक्षीदाराला 'मी पाहिलं' असंच म्हणावं लागतं, त्यात टिमकी कसली?

तिसऱ्या कंपनीत तो सगळ्या राउंडपर्यंत गेला. ऑफर आली नाही. सिस्टिम डिझाइनचा, म्हणजे मोठी यंत्रणा कशी उभी करायची याचा, राउंड गेला, असं त्याचं त्यालाच कळलं होतं. वाईट वाटलं, दोन दिवस शीट उघडली नाही, तिसऱ्या दिवशी उघडली. मला त्यातलं 'वाईट वाटलं' हे महत्त्वाचं वाटतं. आधीच्या दोन वेळी त्याला वाईट वाटलं नव्हतं, तो स्वतःला नालायक म्हणत होता.

आता पुढच्या अर्जाची तयारी चालू आहे. इंटरव्ह्यूअर म्हणून त्याने आईला बसवलंय. त्या पोळ्या लाटता लाटता ऐकतात आणि तो थांबला की "मग?" एवढंच म्हणतात. परवा फलाटांचा प्रश्न पुन्हा झाला. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "आणि त्या दिवशी एकही गाडी नसेल तर?"

ते त्याच्या कोडमध्ये नव्हतं.